घाण जागी प्राणिप्लवक जास्त का सापडतात? आधी पाणी किती दिवसांचं आहे ते बघा

माझ्याकडे आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तो प्राणिप्लवकांबद्दल, म्हणजे पाण्यात तरंगत वाहणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांबद्दल आहे. मुठा, मुळा-मुठा आणि भीमेवर तीन जागा घेतल्या आहेत: एक खडकवासला धरणाच्या खाली, दुसरी पुणे शहर संपल्यावर एका बंधाऱ्याच्या फुगवट्यात, तिसरी दौंडच्या पुढे उजनीच्या फुगवट्याच्या तोंडाशी. वर्षभर दर महिन्याला नमुना घेतला. सांडपाण्याच्या, म्हणजे दुसऱ्या जागी प्राणिप्लवकांची संख्या स्वच्छ, म्हणजे पहिल्या जागेच्या कितीतरी पट निघाली. जुलै-ऑगस्टमध्ये तिन्ही ठिकाणी जवळपास काहीच नाही. तापमान, क्लोराइड, कठीणपणा या सगळ्यांशी सहसंबंध मात्र ‘लक्षणीय’ आला. मग प्रदूषण प्लवकांना मानवतं असं लिहायचं, की नमुनेच चुकलेत?

आकडे बहुधा बरोबर आहेत. त्यातून निघू पाहणारा निष्कर्ष चुकेल, कारण हे आकडे ज्या गोष्टीने सर्वांत जास्त हलतात तिचा रकानाच तक्त्यात नाही. ती गोष्ट म्हणजे त्या जागचं पाणी तिथे किती दिवस थांबलं आहे. ऑक्सिजन, सामू, नायट्रेट, फॉस्फेट हे सगळं मोजलेलं असतं. प्रवाह मोजलेले प्रबंध हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

प्राणिप्लवक पोहतात, पण प्रवाहाला तोंड देण्याइतके नाही. पाणी जाईल तिकडे ते जातात. त्यामुळे नदीत एखाद्या जातीची संख्या वाढायची तर तिची पैदास वाहून जाण्यापेक्षा वेगाने व्हायला हवी. रोटिफर (डोक्यावरच्या केसांच्या चक्राने अन्न ओढणारा सूक्ष्म प्राणी) २५ ते ३० अंश तापमानाला, पोटभर खाणं असेल तर, जन्मल्यापासून दीड-दोन दिवसांत स्वतः अंडी घालतो. नराची गरज नसते, सगळ्या माद्याच. जलपिसवांपैकी (पिसवांसारखे दिसणारे बारीक कवचधारी) मोइनाला चार-पाच दिवस लागतात, डॅफ्नियाला आठवडाभर धरा. कोपेपॉड या कोळंबीच्या नात्यातल्या बारीक कवचधारींचं प्रकरण लांबचं: सहा नॉप्लियस (पिल्लू) अवस्था, मग पाच कोपेपोडाइट अवस्था, मग प्रौढ, त्यातही नर-मादी दोघं हवेत. दोन ते चार आठवडे सहज जातात. म्हणजे पाणी तीन दिवस थांबलं तर रोटिफर दिसतील, दहा दिवस थांबलं तर जलपिसवा जोर धरतील, महिनाभर थांबलं तर कोपेपॉडची पूर्ण फळी दिसेल. नदीच्या प्लवकांत रोटिफर वरचढ असतात याचं मोठं कारण हेच आहे, पाण्याची रासायनिक प्रत नंतर येते.

हिशेब करून बघा. बंधाऱ्याचा फुगवटा ३ किलोमीटर लांब, सरासरी ८० मीटर रुंद आणि २ मीटर खोल असेल तर त्यात ४ लाख ८० हजार घनमीटर पाणी मावतं. नदीत ५० क्युसेक येत असतील, तर क्युसेकला २८.३ लिटर या हिशेबाने सेकंदाला १.४ घनमीटर, म्हणजे सगळं पाणी बदलायला जवळजवळ चार दिवस. मेमध्ये आवक ५ क्युसेकवर आली की तेच पाणी ३९ दिवस थांबतं. जुलैत धरणातून ५,००० क्युसेक सोडले की अख्खा फुगवटा ५६ मिनिटांत बदलतो. छप्पन्न मिनिटांत कुठलाही प्राणी पिढी काढत नाही. तेव्हा जुलैचा रिकामा नमुना ही तुमची चूक नाही, नदी तेव्हा तशीच असते.

हा हिशेब प्रत्येक नमुन्याच्या तारखेसाठी करता येतो. जलसंपदा विभागाचे विसर्गाचे आकडे पावसाळ्यात रोज जाहीर होतात. इतर महिन्यांत एक संत्रं आणि घड्याळ पुरतं. काठावर २० मीटर अंतर मोजा, संत्रं प्रवाहाच्या मध्ये टाका, वेळ घ्या, तीनदा करा. पृष्ठावरचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो म्हणून ०.८५ ने गुणा, मग पात्राच्या छेदाच्या क्षेत्रफळाने गुणलं की विसर्ग मिळतो. चेंडू नको, तो वाऱ्याने पळतो. संत्रं बहुतेक बुडून तरंगतं. फुगवट्यात पाणी इतकं संथ असतं की हे जमत नाही. तिथे बंधाऱ्याच्या वर जिथे पाणी खळाळतं तिथे मोजा.

आपल्याकडच्या नद्यांबाबत एक गोष्ट परदेशी पुस्तकात सापडणार नाही. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा संपताना बर्गे (पाणी अडवणाऱ्या काढत्या-घालत्या फळ्या) घालतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. त्यामुळे ऑक्टोबरपासून मेपर्यंत दख्खनची नदी ही नदी नसते, एकाखाली एक लावलेली तळी असतात. बर्गे घातल्याची आणि काढल्याची तारीख बंधाऱ्यावरच्या माणसाकडून किंवा पाटबंधाऱ्याच्या शाखा कार्यालयातून लिहून घ्या. नोव्हेंबरमध्ये संख्या एकदम दहापट झाली आणि रसायनांत काही फरक नाही, असं कोडं पडतं तेव्हा उत्तर बहुतेक वेळा बर्ग्यांत असतं.

बर्गे पडल्यावरचा क्रमही बघण्यासारखा असतो. गाळात रोटिफरांची टिकाऊ अंडी आणि जलपिसवांच्या खोगिरासारख्या आवरणातली अंडी पडून असतात. पाणी थांबलं, गाळ बसला, उजेड आत गेला की ती फुटतात. आधी केराटेला, पॉलिआर्थ्रा, ब्रॅकिओनस हे रोटिफर. मग मोइना, सिरिओडॅफ्निया, डायफॅनोसोमा या जलपिसवा. थंडीच्या शेवटी कोपेपॉड: सायक्लॉप्सवर्गीय आणि काही जागी हेलिओडायाप्टोमससारखे कॅलॅनॉइड (कोपेपॉडचा दुसरा गट). महिन्यातून एकदाच जाणाऱ्याला हा क्रम तुटक दिसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दर आठवड्याला जाणं जमलं तर त्या सहा फेऱ्या उरलेल्या वर्षापेक्षा जास्त शिकवतात.

आता तुमच्या पहिल्या जागेबद्दल. धरणाच्या लगेच खाली जे प्लवक मिळतात ते नदीचे नसतात, जलाशयाचे असतात. सांडव्यावरून पाणी आलं तर वरच्या थरातले, खालच्या दरवाजातून आलं तर तळातले. पुढे काही किलोमीटरांत मासे, पाणवनस्पती, दगडांवरच्या जाळीवाल्या अळ्या त्यांना गाळून टाकतात आणि संख्या झपाट्याने घसरते. पावसाळा सोडला तर खडकवासल्याचं पाणी मुख्यतः कालव्यात आणि जलशुद्धीकरणाला जातं, नदीत फारसं येत नाही. मग त्या जागी उन्हाळ्यात तुम्ही जे मोजता ते डबक्यातलं की गळतीच्या धारेतलं, हे प्रत्येक वेळी वहीत लिहिलेलं हवं. ‘स्वच्छ पाण्याचं ठिकाण’ एवढं नाव देऊन भागत नाही.

रसायनांकडे वळू. ऑक्सिजन किती विरघळतो हे तापमान आणि उंचीवर ठरतं. ३० अंशांना समुद्रसपाटीवर लिटरला ७.५ मिलिग्रॅम, पुण्याच्या ५६० मीटर उंचीवर साधारण ७.१. तेव्हा मे महिन्यात ६.८ आले म्हणजे पाणी ‘ऑक्सिजनने थोडं कमी’ नाही, जवळपास संपृक्त आहे, म्हणजे मावेल तितका ऑक्सिजन त्यात आहे. आकडा नेहमी संपृक्ततेच्या टक्क्यांतही द्या. दुसरं म्हणजे वेळ. हिरव्या फुगवट्यात दुपारी तीनला १२ आणि पहाटे पाचला २ असा खेळ एकाच दिवसात होऊ शकतो. प्राण्यांना जगवतं-मारतं ते पहाटेचं माप. कॉलेजची गाडी अकराला पोहोचते म्हणून अकराचा आकडा घेतला, तर सर्वांत घाण जागा सर्वांत ‘ऑक्सिजनयुक्त’ निघते. वर्षातून दोनदा तरी, एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात, चोवीस तास दर तीन तासांनी मोजा. सांडपाण्यात नायट्राइट असतं, ते ऑक्सिजन मोजण्याच्या विंकलर या रासायनिक पद्धतीत आकडा फुगवतं. म्हणून अझाइड घातलेला अल्कली-आयोडाइड अभिकारकच वापरा.

कमी ऑक्सिजनला सगळे सारखे भीत नाहीत. मोइना आणि डॅफ्निया अशा पाण्यात हिमोग्लोबिन बनवतात आणि लालसर दिसू लागतात. जिवंत नमुन्यात जलपिसवा गुलाबी दिसल्या तर मापनयंत्राआधी त्यांनीच तुम्हाला सांगितलं असं समजा. फॉर्मॅलिनमध्ये तो रंग जातो. रोटारियासारखे डेलॉइड रोटिफर आणि ब्रॅकिओनसच्या काही जाती ऑक्सिजन एक-दोन मिलिग्रॅमवर आला तरी तग धरतात. कॅलॅनॉइड कोपेपॉड मात्र लवकर माघार घेतात. एखाद्या जागी वर्षभर एकही कॅलॅनॉइड मिळाला नाही ही माहितीच आहे, रिकामा रकाना नाही.

अमोनियाकडे विद्यार्थी कमी बघतात आणि तिथेच चुकतात. एकूण अमोनिया किती यापेक्षा त्यातला मुक्त अमोनिया (विषारी तो हाच) किती हे महत्त्वाचं, आणि ते सामूवर ठरतं. ३० अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा एक टक्काही मुक्त नसतो, ८ ला साडेसात टक्के, ९ ला जवळजवळ ४५ टक्के. समजा लिटरला ३ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन आहे. सकाळी सामू ८ असताना मुक्त अमोनिया ०.२२. दुपारी शेवाळाने कार्बन डायऑक्साइड ओढून सामू ९ वर नेला की तोच १.३५ होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात वन्यजीव आणि मत्स्यपालनासाठीच्या ड वर्गाची मर्यादा १.२ आहे. म्हणजे एकच पाणी सकाळी चालतं आणि दुपारी विषारी. शहराखालच्या फुगवट्यात मार्च-एप्रिलमध्ये जलपिसवा अचानक नाहीशा होतात आणि रोटिफर तसेच राहतात, तेव्हा आधी हा गुणाकार करून बघा.

गढूळपणा हा पावसाळ्यातला दुसरा मार. काळ्या मातीतली चिकणमाती इतकी बारीक असते की ती दिवसचे दिवस पाण्यात लोंबकळत राहते. जलपिसवा पाणी सरसकट गाळून खातात. त्यांचं आतडं मातीनेच भरतं. रोटिफर कण निवडून घेतात, त्यांना तितका त्रास होत नाही. म्हणून पूर ओसरल्यावर पाणी थांबलं तरी ते चहासारखं दिसत असेपर्यंत रोटिफरांचंच राज्य चालतं. सेकी तबकडी (पारदर्शकता मोजायला पाण्यात सोडायची चकती) ३० सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी होत असेल तर जलपिसवांची अपेक्षा कमीच ठेवा.

पुराबद्दल अजून एक. पुरात घनता घसरते, पण जातींची संख्या कधीकधी वाढते. काठाच्या गवतातले, गाळातले, जलपर्णीच्या मुळांतले रहिवासी खरवडून मध्यधारेत येतात: लेकेन, लेपाडेला, अलोना, कायडोरस, मॅक्रोथ्रिक्स, शिवाय आर्सेला आणि सेंट्रोपायक्सिस हे कवचवाले अमीबा. हे खरे प्लवक नाहीत, प्रवासी आहेत. यादीत ठेवा, पण खुणेसह. नाहीतर ‘पावसाळ्यात विविधता सर्वाधिक’ असं वाक्य तयार होतं आणि पुढची दहा वर्षं इतर लोक ते उचलत राहतात.

जलपर्णीचा घोळ तर कायमचा. तिच्या जाड थराखाली अंधार आणि ऑक्सिजनची बोंब असते, मुक्त पाण्यातले प्लवक तिथे घटतात. पण थराच्या कडेला बादली बुडवली की मुळांवरचे रोटिफर आणि कायडोरिड जलपिसवा पडतात आणि जातींची यादी दुप्पट होते. एका महिन्यात जलपर्णी होती, दुसऱ्यात महापालिकेने काढली, तर तुम्ही दोन वेगळ्या अधिवासांची तुलना करत आहात. मध्यधारेचा आणि कडेचा नमुना वेगळ्या बाटल्यांत घ्या, एकत्र करू नका.

कठीणपणाशी सहसंबंध आला म्हणून कॅल्शियम प्लवकांना घडवतं असं लिहू नका. डॅफ्नियाला कवचासाठी कॅल्शियम लागतं हे खरं, पण लिटरला एक-दोन मिलिग्रॅमच्या खाली गेल्यावर ती अडचणीत येते. बेसॉल्टवरून वाहणाऱ्या आमच्या नद्यांत ते याच्या कितीतरी पट असतं. उन्हाळ्यात पाणी आटतं, क्षार दाटतात, आणि त्याच वेळी पाणी थांबल्यामुळे प्लवकही वाढतात. दोन्ही एकाच कारणाची लेकरं. क्षारतेचं खरं काम बघायचं तर पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला-अमरावतीचा खारपाणपट्टा किंवा गोव्यात मांडवी-झुआरीची तोंडं बघा. मांडवीत कोरड्या महिन्यांत समुद्री कोपेपॉड आत शिरतात आणि पावसाचं गोडं पाणी त्यांना बाहेर ढकलतं. भीमेवर हा प्रश्न नाही.

मग घाण जागी संख्या जास्त का? पाणी थांबलेलं आहे, एवढं पहिलं. दुसरं म्हणजे अन्न. उन्हाळ्यात शहराखाली नदीत वाहतं ते बरंचसं सांडपाणीच असतं. त्यातले जिवाणू, सेंद्रिय कण आणि फॉस्फरसवर पोसलेलं बारीक हिरवं शेवाळ ही ब्रॅकिओनस आणि मोइनाची मेजवानी. शेवाळ मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या जिवाणूच्या मोठ्या गोळ्यांत बदललं की चित्र पालटतं. ते गोळे जलपिसवांना गिळता येत नाहीत, वर विषही असतं. डॅफ्निया मागे पडते आणि छोटे रोटिफर व सायक्लॉप्स उरतात. उजनीचं पाणी हिरवंगार होऊन दाटतं तेव्हाचे नमुने या नजरेने तपासा.

तिसरं कारण म्हणजे खाणारे कोण आहेत. डोळ्याने शिकार करणारा मासा आधी मोठी डॅफ्निया उचलतो, मग मध्यम, आणि रोटिफरकडे ढुंकूनही बघत नाही. कटला प्लवकांवरच जगतो; उजनीत चिलापी म्हणतात ती तिलापियाही पिल्लू असताना भरपूर प्लवक खाते. जिथे ऑक्सिजनअभावी मासेच टिकत नाहीत तिथे मोइनाला कुणी खायला नसतं आणि तिचे लाल ढग दिसतात. म्हणून मोठ्या जलपिसवांची गर्दी दोन अगदी उलट्या जागी होते: खूप स्वच्छ, मासेविरहित तळ्यात, किंवा मासे मेलेल्या गटारात. फक्त घनता बघणाऱ्याला हा फरक कळत नाही, जातींची नावं बघणाऱ्याला कळतो. साखर कारखान्याचं मळीमिश्रित पाणी नदीत आलं, गळीत हंगामात असं होतं, तर मासे मेल्यानंतरच्या दोन आठवड्यांत हा मोइनाचा उठाव बघायला मिळू शकतो. कीटकनाशक आलं असेल तर उलटं: जलपिसवा सर्वांत आधी मरतात, कारण ऑर्गॅनोफॉस्फेट आणि पायरेथ्रॉइडला त्या फार नाजूक असतात. विषारीपणाच्या चाचण्यांत डॅफ्निया वापरतात ते याचसाठी.

तेव्हा दुसऱ्या जागेचं वर्णन ‘प्राणिप्लवक जास्त’ असं न करता ‘ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस, ब्रॅकिओनस अँग्युलॅरिस, फिलिनिया आणि मोइना यांचं वर्चस्व, कॅलॅनॉइड नाहीत’ असं करा. लिहिण्याला त्याने अर्थ येतो.

आता नमुना घेण्यातल्या आणि मोजण्यातल्या चुका. इथे मी सविस्तर लिहितो, कारण निम्मे प्रबंध इथेच घसरतात.

जाळीचं छिद्र ५० ते ६० मायक्रॉनचं हवं. बाजारात ‘प्लँक्टन नेट’ म्हणून १०० मायक्रॉनच्या वरचीही मिळते. तिच्यातून छोटे रोटिफर आणि नॉप्लियस निघून जातात आणि मग जलपिसवांचं प्रमाण खोटं वाढतं. विकत घेतलेल्या जाळीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली मोजपट्टीने एकदा तपासा. नदीत जाळी ओढून, तोंडाचं क्षेत्रफळ गुणिले अंतर असं पाणी काढू नका. जाळी तुंबते, पाणी तोंडातून उलटं सांडतं, आणि तुम्हाला वाटतं १,००० लिटर गाळले. त्याऐवजी १० लिटरची बादली, मोजून पाच किंवा दहा वेळा, मध्यधारेतून, पुलावरून दोर सोडून किंवा होडीतून. जाळीतून पाणी हळू ओता, बाहेरून पाणी मारून जाळी धुवा, तळाच्या बाटलीत जमलेलं ५० मिलीवर आणा. प्रत्येक जागी असे तीन स्वतंत्र नमुने घ्या. फेरी वरून खाली, स्वच्छाकडून घाणीकडे करा. उलट केलं आणि जाळी नीट धुतली नाही, तर खडकवासल्याखाली ब्रॅकिओनस ‘सापडतो’.

थोडा नमुना जिवंत आणा आणि त्याच दिवशी बघा. ॲस्प्लांक्ना, पॉलिआर्थ्रा, रोटारिया हे रोटिफर फॉर्मॅलिन पडताच आकसून गोळा होतात. नंतर कुणालाच ओळखता येत नाहीत. बाकीच्या नमुन्यात थोडं गार साधं सोडावॉटर, दुकानात मिळतं तेच, घालून पाच-दहा मिनिटं थांबा. कार्बन डायऑक्साइडने हालचाल मंदावली की मगच फॉर्मॅलिन. बाजारातलं फॉर्मॅलिन ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असतं. ९० मिली नमुन्याला १० मिली घातलं की साधारण ४ टक्के होतं. ‘४ टक्के फॉर्मॅलिन’ असं वाचून १०० मिलीत ४ मिली घालणारे बरेच असतात, त्यांचे नमुने दोन महिन्यांत सडतात. लिटरला ४० ग्रॅम साखर घातलेलं फॉर्मॅलिन वापरलं तर जलपिसवांची कवचं फुगून अंडी बाहेर पडत नाहीत. चिमूटभर बोरॅक्सही घाला, नाहीतर आम्लाने ऑस्ट्राकॉडचे शिंपले विरघळतात. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

मोजण्यासाठी सेजविक-राफ्टर कप्पा: ५० मिलिमीटर लांब, २० रुंद, १ खोल, म्हणजे बरोबर १ मिली. बाटली हळुवार उलटसुलट करा, भोवरा करू नका, जड प्राणी मध्ये गोळा होतात. पिपेटचं टोक रुंद हवं. अरुंद टोकात डॅफ्निया शिरतच नाही. एका मिलीत आढळलेली संख्या गुणिले बाटलीतले मिली, भागिले गाळलेले लिटर, एवढंच सूत्र. १०० लिटर गाळून ४० मिली केलं आणि मिलीत ४५ मिळाले, तर लिटरला १८.

किती मोजायचे? जितके प्राणी मोजले त्याच्या वर्गमुळाची दुप्पट ही साधारण चूक. १६ मोजले तर खरा आकडा ५० टक्के इकडेतिकडे असू शकतो, १०० मोजले तर २० टक्के, ४०० मोजले तर १०. प्रत्येक नमुन्यात निदान २०० मोजा. जातींची संख्याही मोजलेल्या प्राण्यांवर अवलंबून असते. एका जागी ६०० आणि दुसऱ्या जागी ४० मोजून ‘तिथे जाती जास्त’ म्हणणं हा अन्याय आहे. विरलीकरण म्हणजे रेअरिफॅक्शन (दोन्हीकडे सारखेच प्राणी मोजले असते तर किती जाती मिळाल्या असत्या याचा हिशेब) करा, किंवा सरळ दोन्हीकडे २०० वर थांबा.

ओळखण्यातला नेहमीचा फसवा प्राणी म्हणजे ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरस. पाण्यात ॲस्प्लांक्ना हा शिकारी रोटिफर असेल तर त्याच्या स्रावामुळे पुढच्या पिढीला मागच्या बाजूला लांब काटे येतात. काटेवाला आणि बिनकाट्याचा या दोन जाती नव्हेत, एकच. नॉप्लियस हीसुद्धा जात नाही; ती कोपेपॉडची पिल्लं, वेगळ्या ओळीत मोजा आणि विविधतेच्या गणितातून वगळा. कॅलॅनॉइडची जात नराच्या पाचव्या पायाशिवाय ठरत नाही. नर मिळाला नसेल तर कुळापर्यंत लिहून थांबा. शंका असलेले नमुने आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात दाखवता येतात.

(सायक्लॉप्स म्हटलं की जुन्या पिढीला नारू हा जंताचा रोग आठवेल. त्याची अळी याच कोपेपॉडमधून पोटात जायची, आणि कापडाने पाणी गाळून पिणं हा त्यावरचा खरा उपाय ठरला. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. तुमच्या जाळीतही तेच कोपेपॉड अडकतात.)

विविधतेच्या निर्देशांकात एक सापळा आहे. शॅनन निर्देशांक (जाती किती आणि त्यांची वाटणी किती समान याचं माप) १ च्या खाली म्हणजे खूप प्रदूषित, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर स्वच्छ, ही विभागणी विल्म आणि डॉरिस यांनी १९६८ मध्ये दिली. ती तळातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी होती आणि लॉगॅरिदमचा पाया २ होता. आपल्याकडे नैसर्गिक लॉगॅरिदमने गणित करतात आणि उंबरठे तेच लावतात. समजा पाच जाती आहेत, ८०, १०, ५, ३ आणि २ टक्के. नैसर्गिक लॉगॅरिदमने ०.७४ येतं, पाया २ ने १.०७. तोच नमुना एकदा ‘खूप प्रदूषित’ आणि एकदा ‘मध्यम’. पाया कोणता ते लिहा आणि प्लवकांना हे उंबरठे लावूच नका. जागांची आपापसात तुलना पुरे. स्लादेचेकचा भागाकारही (ब्रॅकिओनसच्या जाती भागिले ट्रायकोसर्का या रोटिफरच्या जाती) सांभाळून वापरा. दोनच्या वर गेलं की सुपोषित, म्हणजे पोषकद्रव्यांनी भरलेलं पाणी, असं त्यात आहे, पण ब्रॅकिओनस मुळात उष्ण पाण्याचा आहे, आपल्याकडे त्याच्या जाती आपोआपच जास्त निघतात. ट्रायकोसर्का शून्य असेल तर भागायचं कशाने?

सहसंबंधांबद्दल. बारा महिन्यांचे बारा बिंदू असतील तर सहसंबंधाचा गुणांक आर ०.५७६ च्या वर गेला की ५ टक्के पातळीवर लक्षणीय ठरतो. पंधरा घटक आणि चार प्राणिगट म्हणजे साठ चाचण्या. काहीही संबंध नसला तरी सरासरी तीन लक्षणीय निघतात. त्यात तापमान, क्लोराइड, कठीणपणा, विद्युतवाहकता हे सगळे उन्हाळ्यात एकत्र चढतात. तेव्हा आधी प्रवाह किंवा पाणी थांबण्याचे दिवस हा घटक घ्या, तो वजा केल्यावर उरलेल्या फरकात तापमान, अमोनिया, क्लोरोफिल काय सांगतात ते बघा. आंशिक सहसंबंधाने एवढं होतं, भारी सॉफ्टवेअरची गरज नाही. तीन जागांचे छत्तीस बिंदू एकत्र ढकलून नमुना ‘मोठा’ करू नका. एका जागेचे सलग महिने एकमेकांपासून स्वतंत्र नसतात.

राहिला जुलै. तक्त्यात शून्य लिहू नका. ५० लिटर गाळून ५० मिली केलं आणि एकच कप्पा मोजला, तर लिटरला एकापेक्षा कमी घनता तुम्हाला दिसूच शकत नाही. तीन कप्पे मोजले तर मर्यादा लिटरला ०.३३ होते. बाटली रात्रभर उभी ठेवून वरचं पाणी हलकेच काढलं, १० मिलीवर आणलं आणि दहाही मिली मोजले, तर ०.०२. पुराचा गाळ सोबत बसतो, म्हणून रोझ बेंगॉलचे चार-पाच थेंब टाका. प्राणी गुलाबी होतात, माती होत नाही. इतकं करूनही काही सापडलं नाही तर ‘लिटरला ०.०२ पेक्षा कमी’ असं लिहा, आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवसाचा विसर्ग.